बेसमेंटमधले खांब: झाका, पण कोंडू नका

न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, पलीकडे कॅनडातलं मॅनिटोबा... उत्तर अमेरिकेच्या या थंड पट्ट्यात घर घेतलं की बहुधा बेसमेंट आलंच. हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पाया न्यावा लागतो. एवढं खणायचंच तर आणखी थोडं खणून अख्खा मजला काढावा, हा तिथला जुना हिशेब. आपल्या मराठी घरांत या मजल्याचं सोनं होतं. गणपती तिथेच बसतात, हळदीकुंकवाच्या बायका तिथेच मावतात, भारतातून आई-बाबा आले की त्यांचा सकाळचा व्यायाम तिथेच होतो. आणि या सगळ्याच्या मधोमध दोन-तीन लोखंडी खांब उभे असतात. कुणी त्यांना दिव्यांची माळ गुंडाळतं, कुणी साडी नेसवतं, कुणी चारही बाजूंनी ड्रायवॉल ठोकून मोकळं होतं.

खांबाभोवती लाकडी आवरण करून त्यातच कपाट कसं काढायचं, ते इथे सविस्तर सांगतो. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: खांब झाकायचा, पण कोंडायचा नाही. हातात स्क्रूड्रायव्हर घेतला की पाच मिनिटांत तो तळापासून माथ्यापर्यंत डोळ्यांना दिसला पाहिजे. पुढची सगळी मापं आणि जोडण्या या एका अटीवर बेतलेल्या आहेत.

त्या खांबावर किती भार आहे?

समजा घराची रुंदी २८ फूट आहे, मधून एक बीम जातो आणि त्याखाली दर ८ फुटांवर खांब आहे. मधला बीम घराची निम्मी रुंदी पेलतो, मग एका खांबाच्या वाट्याला ८ गुणिले १४, म्हणजे वरच्या मजल्याची ११२ चौरस फूट जमीन येते. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत राहत्या खोल्यांसाठी चौरस फुटाला ४० पाउंड आणि झोपायच्या खोल्यांसाठी ३० पाउंड वापराचा भार धरतात. लाकडी जमिनीचं स्वतःचं वजन साधारण १० पाउंड धरू. दोन मजली घरात एका खांबावर राहत्या मजल्याचे ५,६०० अधिक वरच्या, झोपायच्या मजल्याचे ४,४८०, म्हणजे १० हजार पाउंडांच्या वर भार आला. किलोत सांगायचं तर साडेचार टन, आणि यात भिंती आणि छप्पर धरलेलंच नाही.

म्हणून खांबाला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, आवरणात नीट बसावा म्हणून तो इंचभरही सरकवायचा नाही. खांब हलवायचाच असेल तर ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, आणि त्याला परमिट लागतं.

खांब कसला आहे ते ओळखा

बोटाच्या पेरानं ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर तो बहुतेक लॅली कॉलम, म्हणजे आत काँक्रीट भरलेला लोखंडी पाइप. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या जॉन लॅलींनी या प्रकारच्या खांबाचं पेटंट १८९८ मध्ये घेतलं, आणि बॉस्टनच्या आसपास आजही हाच खांब जास्त दिसतो. ठणठण आवाज आला तर पोकळ पाइप. निदान ३ इंच व्यासाचा, शेड्यूल ४० जाडीचा पाइप हवा, असं नियमावली सांगते. फार जुन्या घरात चौकोनी लाकडी खांबही सापडतो. तो लाकडी असेल तर बुंध्याशी सुरी टोचून बघा. पातं सहज आत गेलं तर आवरणाचा विचार तूर्त थांबवा.

चौथा प्रकार म्हणजे स्क्रूवर खालीवर होणारा खांब. विनिपेगला राहणाऱ्यांना टेलिपोस्ट माहीतच असेल. तिथली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. म्हणून अधूनमधून स्क्रू फिरवून बीम पुन्हा पातळीत आणावा लागतो. असा खांब कायमचा बंद करणं म्हणजे पाण्याचा मुख्य नळ भिंतीत चिणण्यासारखं आहे. स्क्रूपाशी पाना फिरवता येईल एवढी जागा आणि तिथवर पोचणारी सुटी फळी हवीच.

सुताराआधीची कामं

ही कामं कंटाळवाणी आहेत, पण आवरण पंचवीस वर्षं टिकणार की पाचव्या वर्षी त्याला बुरशीचा वास येणार, ते इथेच ठरतं.

पहिली ओल. खांबाजवळच्या काँक्रीटवर दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा जाड कागद चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि दिवसभर तसाच ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर जमिनीतून ओल वर येते आहे. पावसाळी दिवसांत पुन्हा एकदा करून बघा. कोरड्या फेब्रुवारीतल्या चाचणीवर भरवसा नको. ओल असेल तर आधी बाहेरच्या पन्हाळी, घराकडे येणारा मातीचा उतार आणि संप पंप (तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) यांच्याकडे लक्ष द्या. आत डीह्युमिडिफायर लावून हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा.

दुसरा गंज. खांबाचा बुंधा, जिथे तो काँक्रीटमध्ये शिरतो, तिथे गुडघे टेकून टॉर्चनं बघा. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशनं घासून निघतो. मग त्यावर गंजरोधक प्रायमर आणि धातूचा रंग. पण पापुद्रे निघत असतील, ब्रश मारताना खड्डे उघडे पडत असतील, पाइप कुठे चेपला असेल किंवा ओळंबा सोडल्यावर खांब डोळ्यांना कळेल इतका कलला असेल, तर इंजिनिअरला बोलवा.

तिसरी फट. खांब आणि काँक्रीट यांच्यामध्ये गोल चीर असते. तिच्यातून ओल येते, तसाच रेडॉन हा किरणोत्सारी वायूही येतो. पॉलियुरेथेन सीलंटनं ती पूर्ण बुजवा. रेडॉनची चाचणी केली नसेल तर बेसमेंट सजवण्याआधी ती नक्की करा. छोटी चाचणी-पेटी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं ठरवलेली मर्यादा हवेच्या दर लिटरला ४ पिकोक्युरी आहे. आकडा त्याच्या वर गेला तर रेडॉन बाहेर काढायचा पाइप आधी बसवून घ्या. तो नंतर बसवायचा म्हणजे झालेलं काम फोडणं आलं.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर खांबाच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा चाचणी झाल्याशिवाय घासू नका. जमिनीवर ९ इंची चौकोनी जुन्या टाइल्स असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. त्या उखडू नका, भोकही पाडू नका.

टाउनशिपच्या बांधकाम खात्याला एक फोन करा. नुसत्या लाकडी आवरणाला बऱ्याच ठिकाणी परमिट लागत नाही, पण अख्खं बेसमेंट राहतं करायचं असेल किंवा नवीन वायरिंग असेल तर लागतं. घर विकताना हे कागद विचारले जातात.

आराखडा

नुसतं आवरण हवं असेल तर सात-आठ इंची चौकोनी पेटी पुरते. कपाट हवं असेल तर बहुतेकांचा पहिला विचार असतो खांब बरोबर मध्यावर घ्यायचा. तसं केलं की चारही बाजूंना पाच-पाच इंचांचे निरुपयोगी कोनाडे उरतात. त्यापेक्षा खांब पेटीच्या एका टोकाला ठेवा आणि उरलेली सगळी खोली दुसऱ्या टोकाला घ्या.

माझ्या पसंतीचं माप सांगतो. साडेतीन इंची खांब, जमिनीपासून बीमच्या तळापर्यंत ८४ इंच. पेटी बाहेरून १८ इंच लांब आणि १४ इंच रुंद. लांबीचा हिशेब असा: मागची फळी पाऊण इंच, खांबाचा कप्पा ५ इंच, मधला पडदा अर्धा इंच, कपाटाची खोली ११ इंच, दार पाऊण इंच. बेरीज बरोबर १८. कपाट आतून साडेबारा इंच रुंद मिळतं. त्यात जेवणाच्या ताटल्यांची चळत राहते, बोर्ड गेम राहतात, समया आणि पूजेची भांडी राहतात.

पेटीची लांब बाजू बीमच्या दिशेनं ठेवा. त्यानं चालायच्या वाटेत अडथळा येत नाही, आणि दार अरुंद बाजूला येत असल्यानं बैठकीतून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकसंध लाकडी खांबच दिसतो. लपवण्याचं निम्मं काम इथेच होतं.

माप घेताना खांबाचा पाइप मोजून थांबू नका. बीमखालची लोखंडी प्लेट पाइपपेक्षा बरीच रुंद असते, तिचे बोल्ट आणखी बाहेर येतात. तळालाही कधी प्लेट असते. ओळंबा सोडून खांब तळाशी आणि माथ्याशी किती फरकानं उभा आहे ते लिहून ठेवा. पेटी ओळंब्यात उभी राहणार आहे, खांब कदाचित नसेल. तो फरक ५ इंचांच्या कप्प्यात सामावला पाहिजे. प्लेट त्यात मावत नसेल तर कप्पा वाढवा आणि कपाटाची खोली तेवढी कमी करा.

दोन अंतरं पाळा. विजेच्या मुख्य पॅनेलसमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल जागा मोकळी लागते; पेटी त्यात येता कामा नये. सांडपाण्याच्या पाइपचं झाकण, पाण्याचा व्हॉल्व्ह, भट्टीचं फिल्टर काढायची जागा यांच्याशीही दार भिडत नाही ना, ते जमिनीवर मास्किंग टेपनं पेटीचा आकार आखून पाहा. दोन दिवस तो आखलेला चौकोन तसाच राहू द्या आणि त्याच्याभोवती वावरा.

सामान

पाऊण इंची बर्च प्लायचे दोन ताव, अर्ध्या इंची प्लायचा अर्धा ताव. दुकानातला पाऊण इंची प्लाय प्रत्यक्षात त्याहून किंचित पातळ असतो, म्हणून कापण्याआधी कॅलिपरनं मोजून वरचा हिशेब त्या मापानं पुन्हा करा. तळाच्या बैठकीसाठी प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायनं मुरवलेलं) २ बाय ४ लाकूड, ज्याची खरी मापं दीड आणि साडेतीन इंच असतात. जमिनीला लागणाऱ्या पट्ट्यांसाठी पीव्हीसी ट्रिम. लाकडाचा पिवळा सरस, सव्वा आणि दीड इंची स्क्रू, ३५ मिलिमीटर कपाच्या बिजागऱ्या, दाबून उघडायचे मॅग्नेटिक लॅच, मिनरल वूलचा (आग न धरणाऱ्या खनिज लोकरीचा) एक छोटा गठ्ठा.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त आहे आणि रंग त्यावर सुंदर बसतो. दाराच्या नक्षीपट्ट्यांना तो खुशाल वापरा, पण जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत नको. एकदा पाणी शिरलं की एमडीएफ फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. ट्रीटेड लाकडात तांब्याची रसायनं असतात, ती साधं लोखंड खातात. त्यासाठी गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्क्रू घ्या आणि ते लाकूड खांबाला चिकटू देऊ नका.

कापणी आणि जोडणी

बैठक आधी करा. २ बाय ४ उभी ठेवून १४ बाय १८ ची चौकट दोन इंग्रजी सी-सारख्या भागांत बनवा, खांबाच्या दोन्ही बाजूंनी आणून जोडा. काँक्रीटची जमीन क्वचितच सपाट असते. लेव्हल लावून प्लॅस्टिकच्या पाचरी सरकवा, मग बांधकामाचा चिकटा आणि दोन-तीन काँक्रीट स्क्रू. जमिनीत गरम पाण्याचे पाइप असतील तर भोक पाडू नका, चिकट्यावर भागवा.

पेटीची उंची साडेएकोणऐंशी इंच. कारण असं: साडेतीनची बैठक धरून ८३ होतात आणि वर इंचभर जागा उरते. शिवाय आडवी जोडलेली पेटी उभी करताना तिचा कर्ण छताला लागतो. साडेएकोणऐंशी उंची आणि सव्वासतरा खोली असेल तर कर्ण सुमारे ८१⅜ इंच येतो, म्हणजे ८४ मध्ये ती सुखानं उभी राहते. हा हिशेब न करता पूर्ण उंचीची पेटी जोडली तर ती उभीच राहत नाही.

एका तावातून सव्वासतरा इंचांच्या दोन बाजू आणि साडेबारा इंचांची मागची फळी निघते. बेरीज ४७, करवतीच्या दोन चिरांचे पाव इंच, म्हणजे ४८ इंची तावात पाऊण इंच शिल्लक. घरी टेबल सॉ नसेल तर मोठ्या लाकूड-दुकानात उभे काप मारून मिळतात का ते विचारा, नाहीतर सरळ पट्टी क्लॅम्प करून गोल करवतीनं कापा. दारं आणि फळ्या दुसऱ्या तावातून. मधला पडदा अर्ध्या इंची प्लायचा.

आता गाभ्याची गोष्ट. पूर्ण बंद पेटी खांबावर चढवता येत नाही, कारण खांबाला वरून मोकळं टोकच नाही. म्हणून दोन बाजू, मधला पडदा, तळाची फळी आणि मध्यावरची एक पक्की फळी एवढंच सरस आणि स्क्रूनं जोडा. मागचं टोक उघडंच ठेवा. हा सांगाडा उभा करा, बैठकीवर उचला आणि खांबाच्या दिशेनं सरकवा. खांब मागच्या उघड्या कप्प्यात शिरतो. मागून शेवटची फळी लावायची, ती फक्त स्क्रूनं. तिला सरस लागता कामा नये, तिच्या कडांवर लांबीही भरायची नाही. स्क्रूच्या डोक्यांवर लाकडी टोप्या बसवा, त्या नखानं निघतात. पाच मिनिटांत खांब दिसायची सोय म्हणजे ही फळी.

पेटी पक्की कशी करायची? खांबाला स्क्रू मारायचा नाही, मग त्याला मिठी मारायची. २ बाय ४ च्या तुकड्यांना खांबाच्या गोलाईचे अर्धवर्तुळाकार काप घ्या, आतून रबराची पट्टी चिकटवा, आणि गुडघ्याच्या आणि खांद्याच्या उंचीवर ते पेटीच्या दोन्ही बाजूंना आतून स्क्रू करा. पेटी हलत नाही, खांबाला ओरखडाही येत नाही. वर जॉइस्टना, म्हणजे वरची जमीन पेलणाऱ्या लाकडांना, आडवी पट्टी ठोकून तिला उभी खाच असलेल्या लोखंडी पट्ट्यांनी पेटी धरा. खाचेमुळे पेटी पुढे कलंडत नाही, पण वरची जमीन पाव इंच खाली आली तर तिला वाट मिळते. बीम स्टीलचा असेल तर त्यालाही भोक नको.

वरच्या इंचभर जागेचं काय? ती क्राउन मोल्डिंगनं, म्हणजे माथ्याच्या नक्षीदार पट्टीनं झाकायची, पण मोल्डिंग फक्त बीमभोवतीच्या लाकडी आवरणाला ठोका, पेटीला नाही. दोन्हीला ठोकलंत तर जमिनीच्या पहिल्याच हालचालीत रंगाला भेग पडेल.

खांबाचा कप्पा वर जॉइस्टच्या पोकळीत उघडा राहिला तर आगीच्या वेळी तो धुराड्यासारखा काम करतो. म्हणून पेटीच्या माथ्यावर पाऊण इंची प्लायचं झाकण दोन अर्ध्या भागांत बसवा, खांबाभोवतीच्या फटीत आणि झाकणाच्या वर मिनरल वूल ठासा. याला तिथे फायरब्लॉकिंग म्हणतात आणि इन्स्पेक्टर हे हटकून बघतो.

पण हवा तर खेळायला हवी. उन्हाळ्यात दमट हवा थंड लोखंडावर आली की त्यावर दव जमतं. यासाठी मागच्या फळीला तळाशी आणि माथ्याशी भोकांची एकेक ओळ ठेवा. हवा खोलीतून येते, खोलीतच जाते.

दर्शनी काम

इथे आपल्याकडचे वाडे उपयोगी पडतात. पुण्याचा विश्रामबागवाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना तिथले सुरूच्या झाडासारखे, खाली भरदार आणि वर निमुळते होत गेलेले सागवानी खांब आठवतील. दोन खांबांच्या मध्ये महिरप, आणि वाड्यांतल्या अशा लाकडी खांबांच्या पायाशी दगडी तळखडा. तळखडा शोभेसाठी असतो तितकाच ओलीसाठीही: लाकूड जमिनीला टेकत नाही. बेसमेंटमध्ये आपण ट्रीटेड बैठक आणि पीव्हीसीची पट्टी लावतो ते याच कारणासाठी. पट्टी साडेपाच इंच उंच घेऊन तिला दगडासारखा करडा रंग दिला तर तळखड्याचा भास छान होतो. दाराच्या बाजूला ती बैठकीच्या उंचीइतकीच ठेवा, नाहीतर दार उघडताना अडेल.

सपाट पेटीला सुरूचा आकार देता येत नाही, आणि चिकटवून आणलेला आकार मला खोटा वाटतो. त्यापेक्षा चारही बाजूंना उभ्या-आडव्या पट्ट्यांची साधी चौकट करा. पट्ट्या अडीच इंच रुंद आणि पाव इंच जाड. वरची आडवी पट्टी रुंद ठेवून तिच्यात केळफुलाची किंवा कमळाची छोटी कोरीव तबकडी. मागच्या फळीच्या हवेच्या भोकांना जाळीचा आकार द्या आणि तशीच जाळी दारालाही द्या. चारही बाजू सारख्या दिसतात, कपाटालाही हवा मिळते.

महिरप फार मोहक दिसते, पण डोक्याचा विचार करा. बेसमेंटमधल्या बीमखाली जमिनीपासून निदान ६ फूट ४ इंच मोकळे राहिले पाहिजेत, असा नियम आहे. अख्खी कमान तेवढ्यात बसत नाही. म्हणून दोन्ही खांबांपाशी फुटाफुटाच्या कोपऱ्यातल्या कमानी करा, मधला भाग सरळ सोडा. अर्ध्या इंची प्लायवर पुठ्ठ्याचा साचा ठेवून रेषा मारा, जिगसॉनं रेषेबाहेर कापा, मग सँडपेपर गुंडाळलेल्या गोल काठीनं रेषेपर्यंत आणा. कमानी बीमच्या आवरणालाच स्क्रूनं लावा, आणि त्या बाजूला दार येऊ देऊ नका. गणपतीच्या दिवसांत अशा दोन खांबांमध्ये चौरंग मांडला की वेगळं मखर करावं लागत नाही. तोरणासाठी कमानीच्या मागे छोटे पितळी हूक आत्ताच लावून ठेवा.

चोरकप्पा

दार लपत नाही ते त्याच्या फटीमुळे. बंद दाराच्या कडेला एक षोडशांश ते एक अष्टमांश इंच रेषा राहणारच. ती बुजवता येत नाही. मग तशाच रेषा आणखी काढायच्या. दार जिथे दोन्ही बाजूंच्या फळ्यांना मिळतं तिथे फट आहे, तर उरलेल्या दोन कोपऱ्यांवरही राउटरनं त्याच रुंदीची, त्याच खोलीची चीर पाडा. चार कोपऱ्यांवर चार सारख्या रेषा दिसल्या की ती नक्षी वाटते, खरी फट कुठली ते कळत नाही. रंगाचा हात देताना या चिरांत रंग साचू देऊ नका, नाहीतर दोन भरलेल्या आणि दोन उघड्या अशी चुगली होते.

साडेएकोणऐंशी इंचांचं एकच दार बाक धरतं. दोन करा, खालचं तीसेक इंचांचं, वरचं उरलेलं. मधली आडवी फट पट्टीच्या कडेशी जुळवा आणि तशीच आडवी रेषा बाकी बाजूंना काढा. खालच्या दाराला दोन, वरच्याला तीन बिजागऱ्या. लॅच दाबताना दार दोन-तीन मिलिमीटर आत जातं, तेवढी जागा मागे सोडा. घरात लहान मुलं असतील तर लॅच वरच्या टोकाला बसवा. उघडं दार ओढून पेटी पुढे येत नाही ना, ते फळ्या भरण्याआधी हातानं जोर लावून तपासा.

मागच्या फळीआड, खांबाच्या दोन्ही अंगांना साडेचार-साडेचार इंच जागा उरते. तिथे मखराच्या काठ्या, पडद्याचे दांडे, गुंडाळलेल्या चटया उभ्या राहतात. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू आहेत, स्क्रू काढून घेतल्या तरी चालतं, आणि त्या निमित्तानं खांबही पाहिला जातो. फळ्यांवर मात्र पासपोर्ट, दागिने, जुने फोटो, पैठण्या ठेवू नका. कितीही कोरडं केलं तरी तो जमिनीखालचा मजला आहे. त्या वस्तू वरच्या मजल्यावर किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. रंगाचे डबे आणि थिनर तर मुळीच नकोत.

वीज हवी असेल तर कमी दाबाच्या एलईडी पट्ट्यांवर थांबा, आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर हात पोचेल अशा उघड्या जागी ठेवा. पेटीवर प्लग-पॉइंट हवा असेल तर लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा.

रंग

प्लायच्या उघड्या कडांना वुड फिलर, मग १५० आणि २२० नंबरचा सँडपेपर. प्रायमरचा हात आतून-बाहेरून दोन्हीकडे द्या. एकाच बाजूला रंग दिलेली फळी दोन्ही बाजूंनी सारखी ओल घेत नाही आणि वाकते. खांबाच्या कप्प्याच्या आतून पांढरा रंग लावा. पुढे टॉर्च मारून पाहताना गंजाचा डाग त्यावर लगेच उठून दिसतो. बाहेरून अर्ध-चमकीचा ॲक्रिलिक एनॅमल पुसायला सोपा, हळदीकुंकवाची बोटं त्यावरून निघतात. सागवानी रंगच हवा असेल तर प्लाय निवडतानाच वरचा पापुद्रा एकसारखा आहे का ते बघा. स्टेन बर्चवर डागाळतो, म्हणून आधी कंडिशनर लावा आणि उरलेल्या तुकड्यावर करून पाहा.

भारतातल्या बेसमेंटबद्दल थोडं

पुण्या-मुंबईत बंगल्याच्या तळघरात आरसीसीचे चौकोनी खांब असतात. पेटीची रचना तीच राहते, पण ड्रिलची सवय आवरा. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या मानकाप्रमाणे खांबाच्या सळ्यांवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीटचं कवच असतं. त्याहून खोल गेलात तर सळईला लागाल, आणि तिथून गंज सुरू होतो. प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा घ्या आणि पेटी बसवण्याआधी वाळवीचा उपाय करून घ्या.

वर्षातून एकदा

बर्फ वितळून जमीन ओली झाली की, म्हणजे साधारण एप्रिलमध्ये, मागची फळी काढा. बुंध्याचं सीलंट ओढून बघा, कुठे सुटलं असेल तर खरवडून नवीन भरा. जाळीतली धूळ व्हॅक्यूम करा. माथ्याची जागा मोजा: पहिल्या दिवशीचं माप पेटीच्या आतल्या बाजूला तारखेसह पेन्सिलनं लिहिलेलं असेल तर फरक लगेच कळतो. पाव इंचापेक्षा जास्त कमी-अधिक झालं असेल तर इंजिनिअरला फोन करायचा, आणि तो येऊन बघेपर्यंत फळी उघडीच ठेवायची.